तोतारामचा फोकस

ती. ताईबाई अक्कास,

मेहरूणहून धाकट्या पुनाचा साष्टांग नमस्कार. धुळ्याच्या उन्हात तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. इकडचे क्षेम लिहिण्याजोगे नाही, पण फोनवर तू मला पुरते बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

शेजारच्या तोतारामने (एसटीतून रिटायर झाला तो) गाडीतले पेट्रोल चोरीला जाते म्हणून फोकस बसवला. गाडी त्याच्या दारात, उजेड मात्र माझ्या जिन्यावरून थेट गच्चीवरच्या खाटेवर. उन्हाळ्यात जळगावच्या माणसाने गच्चीवर नाही झोपायचे तर कुठे? मी तोंडावर पंचा घेऊन पडायचो, बघणाऱ्याला वाटे म्हातारा आटोपला. (तुझी भावजय सुनंदा गेल्यापासून तसाही मी अर्धा आटोपलोच आहे.) महापालिकेच्या कचेरीत तक्रार नेली, तर खांब सरकारी असेल तरच बोला म्हणाले. शेवटी कॉलनीच्या मंडळाचा सचिव या नात्याने मीच नियम लिहिला: बाहेरच्या दिव्याचे तोंड खाली, वर झाकण, शेजाऱ्याच्या हद्दीत उजेड जाता कामा नये. सभेत टाळ्या पडल्या. तोतारामने फोकस आपल्या दाराकडे वळवला.

त्याच आठवड्यात पाण्याचा तांब्या घेऊन वर जाताना जिन्यावर माझा पाय मुरगळला. (जिना बाहेरून आहे. तिथला दिवा सुनंदाच बघायची, तो केव्हा गेला ते मला कळलेही नाही.) तेलाची बाटली घेऊन आला तो तोतारामच. पाय चोळता चोळता म्हणाला, "नाना, वहिनी गयी तैपासून तुमना जिन्यावर अंधार शे. म्हनीसन फोकस तिकडे करेल व्हता." (पेट्रोलचे कारण त्याने माझा स्वभाव बघून सांगितले होते.)

आता नियम माझा, सही माझी. धरले तर चावते, सोडले तर पळते. त्याला फोकस परत फिरव म्हणायला जीभ रेटत नाही. खाली उकाड्यात पडून असतो. घर फार रिकामे वाटते, अक्का.

तुझा,
पुना

ता.क. नियमाला मी कालच एक पुरवणी जोडली आहे: घरी वडीलधारा पाहुणा असल्यास शेजाऱ्याने जिन्यावर फोकस टाकावा. सुनंदा गेल्यापासून तू आखाजीच्या सणाला माहेरी आली नाहीस. यंदा ये.

आणखी ता.क. जिन्याला नवा बल्ब लावून घे, असे उलट टपाली लिहू नकोस. ते मलाही सुचले होते. आणि पाहुण्याने किती दिवस राहायचे, ते मी नियमात मुद्दामच घातलेले नाही.