मरळीच्या पाण्याची चुंगी

माय, म्हातारपणी पोराला हे पत्र लिहायचं काय सुचलं, असं तू म्हणशील. परवा कुहीला एका लग्नाला गेलो होतो. तिथे तुझ्यासोबत मासळी विकणारी शेजारची मावशी भेटली आणि तिने मला भर मांडवात रडवलं. नवरीचा बाप कोरडा आणि मीच रडतोय, हे पाहून लोक बिचकले. तू गेलीस त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून, खरं तर त्याही आधीपासून, छातीवर असलेला धोंडा त्या बाईने सुपारी कातरता कातरता उचलून बाजूला ठेवला.

इंग्रजांचा अंमल होता, आणि नागपुरातून रेल्वेने बाहेर जाणाऱ्या मालावर चुंगी, म्हणजे जकात, बसायची. धान्य, कापड, तूप आणि आपली मासळीसुद्धा. बाबा गेल्यावर तू आणखी चार बायकांबरोबर बैलबंडीतून मरळ नि शिंगी आणायचीस, रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत पाणी घालून, जिवंत. पूर्वेकडे बंगाली लोक आजाऱ्याला जिवंत शिंगीचा रस्सा पाजतात, मेलेलीला तिकडे कोणी विचारत नसे. त्याच मासळीवर तू मला नागपूरच्या इतवारीत एका घरी ठेवून शिकवलंस, आणि शिकून मी झालो काय, तर स्टेशनच्या नाक्यावरचा चुंगीचा बाबू. देवालाही थट्टेची हौस असते.

तुम्हा बायकांची एक रीत होती, आणि ती सगळ्या नाक्याला ठाऊक होती. चुंगी वजनावर, आणि पाण्याचं वजन फार. म्हणून नाक्याच्या अलीकडच्या विहिरीवर तुम्ही डबे रिकामे करून मासळीवर ओलं पोतं टाकायच्या. मरळ चिवट, तेवढा वेळ तग धरते. काटा झाला की पलीकडच्या नळावर पुन्हा पाणी. जुने बाबू हे पाहून न पाहिल्यासारखं करायचे. पण माझ्या आधीच्या बाबूने मेव्हण्याचं तूप न तोलता सोडलं होतं आणि त्याची नोकरी गेली होती. त्यामुळे मी लागलो तेव्हा एक जमादार कायम माझ्यावर नजर ठेवायला पाठीमागे उभा असे.

नोकरीचा दुसरा आठवडा आहे. रांगेत तू दिसतेस. तुझे डबे काठोकाठ भरलेले. मला वाटतं, विसरलीस; मी डोळ्यांनी खुणावतो, पण तू बघतच नाहीस. डबा काट्यावर ठेवतेस. जमादार पुढे वाकतो. मी पाण्यासकट वजन लिहितो. जमादाराला काय वास येतो देव जाणे, तो विचारतो, "काय वं बाई, हा बाबू तुहा कोन लागते?" तू वर न बघता म्हणतेस, "कोनी नाई जी. नाक्याचे साहेब हायत." पैसे ठेवतेस, डबा डोक्यावर घेतेस आणि जातेस.

त्या रविवारी घरी आलो तेव्हा तू चुलीपुढे मरळीला राख चोळत होतीस. मी विचारलं, "माय, राग आला का वं माहा?" तू म्हणालीस, "भात थंडा होऊन राहिला, जेव." बस्स. त्यानंतर तू माझ्या खिडकीशी कधी आली नाहीस, डबे मावशीबरोबर पाठवलेस. मी समजलो ते समजलो. ज्या लेकाने आईकडून पाण्याची चुंगी घेतली, त्याला आई कशाला ओळखेल? पुन्हा विचारायची छाती झाली नाही, आणि मग तू गेलीसच.

परवा हे मावशीला सांगितलं तर ती माझ्यावरच खेकसली. "येडा का बावा तू? तुह्या मायनंच आमाले विहिरीवर सांगतलं, आज पानी कोनी सांडाचं नाई. पोरगा नवा हाय, त्याच्या नावाले डाग नको. अन् कोनी इचारलं त मी त्याची कोनी नाई. राग कायचा गा? बंडीत घरापर्यंत तुही नक्कल करून राहिली होती, कानावर पेन्सिलीवानी काडी ठेवून!" मग तू पुन्हा काहून आली नाहीस, तेही तिनेच सांगितलं. "लेकाले माहा नाई म्हनाचं एकडाव जमलं, रोज नाई जमत, म्हने." मी रडलो, मग हसलो, मग पंगतीत इतका जेवलो की वाढपी माझ्याकडे टकमक बघायला लागला. इतका हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

मन निवळलं आहे, म्हणून राहिलेलंही लिहून टाकतो. "कोनी नाई जी" ऐकून काळीज फाटलं, असं मी बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, परवा मावशीलाही सांगितलं. ते नंतर फाटलं, माय. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. नोकरी वाचली म्हणून तर होतंच, पण तुझ्या लुगड्याला मासळीचा वास होता आणि शेजारच्या खिडकीतले बाबू ऐकत होते, म्हणूनही. तुला वाचता येत नव्हतं, घरी आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवायचो. हाही मीच वाचून दाखवला असता, आणि एवढं गाळलं असतं.