मल्हारीमामांनी फोनवरून चालू केलेली मोटर

सिन्नर

तीर्थरूप मल्हारीमामा,

तेजलचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? रिटायर झाल्याबरोबर तुम्ही उघडलेला मिक्सर जोडून झाला का? फोन सोडून पत्र का, असं वाटेल. पण हल्ली फोनवर आपल्या दोघांत बोलतं कोण, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

मामा, तुमचे उपकार कसे फेडू? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं मिलिंग मशीन चालूच होईना. वर्कशॉपची पहिली मोठी ऑर्डर, संध्याकाळपर्यंत प्लेटा अंबडच्या कारखान्यात पोचल्या नाहीत तर पुढचं काम दुसऱ्याला जाणार, आणि हिरवं बटण दाबावं तर मोटर ढिम्म. आमचा ऑपरेटर चंदर (माणूस गुणी, पण विजेला विंचवासारखा भितो) म्हणाला, "ताई, मोटर जळली वाटतं." मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात जन्मभर मोटरींचं काम केलेले तुम्ही आठवलात आणि मी फोन लावला.

तुम्ही नांदगावात बसून आधी मेन बंद करायला लावलंत, मग पॅनल उघडायला. त्या डब्याला मी आजवर फडकं मारण्यापलीकडे हात लावला नव्हता. बटणाचा हुकूम आला की मोटरला वीज जोडतो तो कॉन्टॅक्टर, आणि मोटरवर फार ताण आला की वीज तोडतो तो ओव्हरलोड रिले (तुमच्या शब्दांत, घरातली थोरली बाई; कुणी दमलं की हातातलं काम काढून घेते). विजेच्या तीन फेजपैकी एक गेली तर मोटर नुसती घुं करते, ही घुंसुद्धा करत नाही म्हणजे तिला हुकूमच पोचत नाही, हे तुम्ही ओळखलंत. मशीन बंद पाडणारं लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं आहे का, हेही विचारलंत. चंदर म्हणाला, "तिथं खंडेनवमीची माळ हाय." त्यावर तुम्हीच म्हणालात, पूजेच्या फुलांना हात लावू नका, कॉन्टॅक्टर साफ करा. मी साफ केला, रिले रिसेट केला, मेन चालू करून हिरवं बटण दाबलं आणि मोटर फिरली! चंदरने टोपी काढून माझ्या मोबाइलला नमस्कार केला. प्लेटा वेळेत पोचल्या, पुढचं कामही मिळालं. तुमच्यासारखा मामा असल्यावर मला कशाची काळजी?

मामींना नमस्कार. दसऱ्याला चार दिवस इथे राहून गेल्या, घर भरल्यासारखं वाटलं.

तुमची,
तेजल

ता. क. दर गुरुवारी वर्कशॉपवर याल का? चंदरलाही शिकवा. स्टँडवर घ्यायला मी येईन. खरं तर हे विचारायलाच पत्र लिहिलं, वरचं सगळं लिहिता लिहिता वाढलं.

ता. क. २. राहवत नाही म्हणून सांगते. मी कॉन्टॅक्टर घासत होते तेव्हा मामी माझ्या मागे उभ्या होत्या. सुकलेली फुलं बरी दिसत नाहीत म्हणून त्यांनी माळ सोडवली. चंदरने ती तारेने इतकी आवळली होती की खालचं लाल बटण दाबलं जाऊन अडकलं होतं. तारेबरोबर मामींनी बटणही पिळलं आणि ते टक्कन बाहेर आलं. मला म्हणाल्या, "त्यान्ला सांगू नको. रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा मोकळं बोलायला लागलेत." तेव्हा तुम्ही हे वाचलेलं नाही असं समजा. मोटर मामींनी चालू केली हे खरं, पण त्या डब्याची माझी भीती तुम्ही घालवलीत, आणि ती काही माळेबरोबर निघणारी नव्हती. म्हणून या.

ता. क. ३. येताना मिक्सर जोडत बसू नका. सगळे तुकडे पिशवीत घालून तसाच आणा. आता मी जोडून देईन.