स्टेशनचं नवं छप्पर

गोळेगाव, ता. जुन्नर
१२ मे २०२५

चार पानं पाठवलीत आन् त्यात पिण्याच्या पाण्याचा पत्ता न्हाई! गावाची चौकशी केली तर माणूस आधी पाण्याचं सांगतं. तुमी सांगितलं इंजिनाला पाणी पाजायच्या जुन्या टाकीचं. इंजिन नांदायला येणार हाय का तिथं?

आता नमस्कार. हलीनाबाई, मी प्रयागबाई, आरोहीची आजी. गुडघे सोडून बाकी बरी हाय. तुमी बऱ्या असाल असं धरून चालते. पत्र मीच लिवते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं पुरतं. तुमच्या भाषेत आरोही करील. आरोही, एक अक्षर गाळायचं न्हाई, आन् 'आजी गमतीनं म्हणते' असं मधी घुसडायचं न्हाई. मी गमतीनं म्हणत नसते.

आमच्यात पोरगी द्यायची म्हंजी आधी माणसं जाऊन गाव बघून येतात. घर, पाणी, शेजार, गोठा. तुमच्या युक्रेनला कोण जाणार? माझा भरत, आरोहीचा बाप, मंचरच्या बाजारात कांदा घालून येतो तर दोन दिवस पाय चोळत बसतो. म्हणून म्हटलं, पोराच्या आईलाच गावाचं लिवून पाठवू द्या. तुमी शाळेत भूगोल शिकवायच्या म्हणं. दिसतंच हाय.

वाचलं सगळं. आधी नुसतं गवत व्हतं. मंग राजानं रूळ टाकला, रुळाशेजारी स्टेशन झालं आन् स्टेशनला चिकटून गाव. आमच्या लेण्याद्रीचा डोंगर कोरला तवा तुमच्याकडं गवत बघायला बी कोणी नव्हतं, आन् तुमी मला 'जुनं गाव' म्हणून लिवता! डोंगर न्हाई. नदी म्हणता तो ओढा. 'ताटासारखं सपाट' असं वर कौतुक. साखर करता ती बी बीटाची. शेजारच्या लंकाबाईला सांगितलं तर म्हणली, "अगं बाई, मंग चहा कसला लागत असंल?" मी म्हटलं, "मातीचा."

माती मात्र काळी आन् खोल हाय म्हणता. ते मानलं. मातीला मी नावं ठेवत न्हाई.

मंग तुमची सरकारं. एक आलं, स्टेशनची पाटी रंगवली. दुसरं आलं, पुसून दुसरं नाव घातलं. जर्मन आले, त्यांनी त्यांची अक्षरं काढली. ते गेले, परत आधीचे आले. तुमच्या गावात कोणाचं भलं झालं असंल तर रंगाऱ्याचं. देवळाचं गोदाम केलं, गोदामाचं परत देऊळ. आन् मधी एका साली गावचा सगळा गहू त्याच रुळावरनं डबे भरून नेला आन् गाव उपाशी मेलं. तुमच्या आजीची धाकटी भावंडं त्यात गेली. एवढं एका ओळीत लिवलं आन् लगेच शाळेच्या इमारतीवर गेलात. तिथं मी चष्मा काढून ठेवला. जरा वेळानं परत घातला.

आमच्याकडं बी रेल्वे येणार, येणार म्हणत्यात. भरत म्हणतो, "आई, रेल्वे आली की जमिनीला सोन्याचा भाव." मी तुमची पानं त्याच्यापुढं टाकली. "वाच. रूळ आला की त्याच्यावरनं फौज बी येती." पोरीचं काय करायचं विचारलं तर म्हणतो, "तूच ठरव." असा बाप.

आता तुमच्या एका वाक्यावर येते. 'आमच्या स्टेशनला सुंदर नवं छप्पर हाय.' बाई, मी लई घरं बघितली सोयरिकीसाठी. जिथं एकच भिंत ताजी सारवलेली असती, तिथं मी विचारते, खाली काय झाकलंय? जुनं छप्पर कुठं गेलं? राजापासनं सगळं आठवणाऱ्या मास्तरणीला तेवढंच कसं आठवलं न्हाई?

आन् लढाईत बी रेल्वे बंद पडली न्हाई म्हणून फुशारकी मारलीत. रूळ तुटतात आन् गाडी चालती, म्हंजी कोणीतरी जाऊन जोडतं. तुमच्या पोराबद्दल आरोही मला म्हणली व्हती, "आंद्री रेल्वेत साहेब हाय, आजी." साहेबाच्या हाताला तसले घट्टे? फोनात बघितलेत मी.

सपाट गावाला मी पोट धरून हसले. मंग ध्यानात आलं, आमच्याकडं फौजा यायच्या तवा माणसं डोंगरात शिरायची. तुमच्या ताटात लपायचं कुठं?

राहिले तुमचे बूट. लढाई लागली, आरोही तिकडचं डॉक्टरकीचं शिक्षण टाकून पळाली, तुमच्या स्टेशनात अडकली. तुमी तिला घरी नेली, जेवू घातली आन् गाडीत बसवताना पायातले बूट काढून तिला दिले. असले बेढब बूट मी जन्मात बघितले न्हाईत. पडवीत पडलेत, एकात कोंबडी अंडी घालती. त्या दिवशी तुमी काय घालून घरी गेलात, ते आरोहीला ठाऊक न्हाई. बर्फ व्हता म्हणं. असली मूर्ख बाई बी मी बघितली न्हाई.

परवा आरोहीनं कोंबडीला हाकलली, बूट घासूनपुसून उन्हात ठेवले. कोंबडी अंगणात कोकलत फिरती.

लढाई हाय तवर पोराला तिकडनं सोडत न्हाईत, म्हणून पोरीनं जायचं, एवढं मला कळलं. माझं एकच विचारणं हाय. बाँबचा भोंगा वाजला की आंद्री तळघरात जातो का रुळावर? खरं लिवलं तर शिव्या देईन आन् पोरगी देईन. खोटं लिवलं तर कोंबडीला तिचा बूट परत.

पण हे तुमी लिवायचं न्हाई. आई पोरावर नवं छप्पर घालूनच दाखवती.

तुमची,
(विहीण हा शब्द उत्तर आल्यावर लिवीन)
प्रयागबाई

आरोही, त्याला फोनवर शिकवायचं न्हाई. उत्तर आंद्रीनंच द्यायचं, त्याच्या हातानं.