मोसंबीच्या सालीवर वाढलेल्या एकतीस कोंबड्या आपल्या ताब्यात घेणेबाबत

प्रति,
मा. सहायक अधिकारी (पाळीव पक्षी व उपद्रव),
विभागीय कार्यालय, तळमजला, परळ, मुंबई.

विषय : फळांच्या साली घातलेल्या खाद्यावर वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबड्या आपल्या आदेशानुसार जमा करणेबाबत व त्यांची पोच मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली सात दिवसांची नोटीस, दि. २९ जुलै १९८६. २) माझे यापूर्वीचे चार अर्ज, ज्यांना उत्तर आलेले नाही.

महोदय,

मी खाली सही करणार बुधाजी सखाराम धुरी, राहणार लालबाग, आपणास हा पाचवा अर्ज सादर करतो. पहिले चार अर्ज हरवले असे आपल्या टेबलावरून कळले. हा हरवणार नाही अशी व्यवस्था केली आहे.

१. मी अठरा वर्षे गिरणीच्या सायझिंग खात्यात सुताला खळ लावीत होतो. संप झाला. संप मिटला असे आम्हाला आजवर कुणी सांगितले नाही, आणि गिरणीचे फाटकही आमच्यासाठी उघडले नाही. साडेचार वर्षे झाली. घरी पत्नी रखमा आणि दहावीत शिकणारी मुलगी मालन. तिची शाळा सुटू नये म्हणून ब्रॉयलरची पन्नास पिल्ले आणून चाळीच्या मागच्या पडवीत जाळी मारून ठेवली. या धंद्यातले मला ओ की ठो कळत नव्हते. हात खळ बनवण्याचा, म्हणून मक्याचे पीठ गरम पाण्यात शिजवून, एकही गुठळी न ठेवता, गिरणीच्या मापाने पिल्लांना घातले. पिल्लांच्या चोची चिकटल्या, पाय चिकटले, दोन पिल्ले तर एकमेकांना चिकटून दिवसभर जोडीने फिरली. सूत असते तर कापड झकास निघाले असते. दुसऱ्या दिवसापासून कोरडा भरडा सुरू केला.

२. त्याच खेपेला पिल्लांना हगवण लागली आणि एकोणीस पिल्ले दगावली. औषधाची बाटली परवडणारी नव्हती. आमच्या गावी पोराचे पोट बिघडले की डाळिंबाची साल उगाळून देतात. रखमाने तीच साल वाळवून, कुटून भरड्यात मिसळली. हगवण थांबली. मग मी परळच्या इस्पितळांबाहेरच्या रसवाल्यांकडे जाऊ लागलो. तिथे आजाऱ्यांसाठी दिवसभर मोसंबी पिळली जाते आणि सालींचे ढीग पडतात. मोसंबीची साल, डाळिंबाची साल, अननसाचे काटेरी आवरण, सगळे गच्चीवर वाळवायचे आणि खलबत्त्यात कुटायचे. शंभर भाग भरड्याला दोन भाग भुकटी. तीन भाग केले तर कडू लागते आणि पक्षी तोंड फिरवतात. खळीचे प्रमाण सांभाळलेला माणूस एवढे तरी सांभाळणारच. मी याला शास्त्र म्हणत नाही. एवढेच सांगतो की त्यानंतरच्या तीन खेपांत एकच पक्षी गेला, आणि तो मांजराने नेला.

३. माझ्याविरुद्ध तक्रार झाली हे मान्य आहे. ती आमचेच शेजारी, दुसऱ्या मजल्यावरचे शामराव यांनी केली. तक्रार कोंबड्यांच्या वासाची नव्हती. "गच्चीवरून दिवसभर मोसंबीचा वास येतो आणि घरात मोसंबी नसते, हा मानसिक छळ आहे," असे त्यांनी लेखी दिले. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या घरात आख्खी मोसंबी शेवटची आली ती मालनला टायफॉइड झाला तेव्हा.

४. तक्रारीवरून आपले निरीक्षक श्री. सीतारामसाहेब आले. त्यांनी पडवीत उभे राहून दोन वेळा दीर्घ श्वास घेतला आणि पंचनाम्यात लिहिले, "कोंबड्यांचा वास येत नाही. फळांचा येतो. सबब संशयास्पद." मी परवान्यासाठी अर्ज केला. उत्तर मिळाले की खाद्य छापील पिशवीतलेच हवे, साल मान्य यादीत नाही. मी म्हटले, यादीत घाला. त्यावर कळले की साल ही टाकलेली वस्तू, म्हणजे कचरा, आणि कचरा ही खात्याची मालमत्ता. म्हणजे मी खात्याची मालमत्ता पळवून कोंबड्यांना चारतो! साहेब, ती मालमत्ता रसवाल्याच्या दारात चार-चार दिवस कुजत पडायची, तेव्हा खात्याला तिची आठवण कधी झाली नाही. मालमत्ता परत हवी असल्यास माझी हरकत नाही. कोंबड्या ती रोज सकाळी प्रामाणिकपणे परत करतात. घमेले आणावे.

५. यानंतर नमुने घेणे सुरू झाले. पहिल्यांदा दोन पक्षी, मग तीन, मग चार, असे नऊ गेले आणि या खेपेचे एकतीस उरले. नमुना म्हणून आजारी पक्षी घ्यावा असे मला वाटत होते, परंतु सीतारामसाहेब प्रत्येक पक्षी हातात धरून, छातीचे मांस चाचपून, सर्वांत भरलेला निवडीत. नमुने बुधवारी आणि शुक्रवारी नेले जात. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी खात्याला रोगराईची चिंता कधीच वाटली नाही. तिसऱ्या नमुन्याच्या वेळी रखमाचा तोल सुटला. "मेल्यांनो, तपासूक न्हेतास की वडे-सागोतीक?" असे ती बोलली. याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करतो. ती मालवणची आहे आणि तिला खात्याची भाषा येत नाही. मात्र खूप हेलपाटे घातल्यावर तपासणी अहवालाची जी नक्कल मिळाली, तिच्यात "रोग : आढळला नाही" याच्या खाली "शिजण्यास लागणारा वेळ : पस्तीस मिनिटे" असा शेरा आहे. कुठल्या रोगाची तपासणी पस्तीस मिनिटे शिजवून होते, हे या अडाणी कामगाराला कळवावे.

६. आता मूळ दुखणे. आमच्या धंद्याचा वर्षाचा हंगाम म्हणजे गटारी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून त्या दिवशी प्रत्येक घरात कोंबडी. त्या एका दिवशी माझे सगळे पक्षी जातात आणि मालनच्या वर्षाची सोय होते. हे आपल्या कार्यालयाला ठाऊक नसेल असे म्हणणे म्हणजे आपला अपमान करणे. नोटिशीची मुदत नेमकी कालच्या दिवशी संपली. विक्री करायची नाही, सर्व पक्षी जप्त करून नष्ट केले जातील, आणि पथक मंगळवार, दि. ५ ऑगस्ट रोजी सकाळी अकरा वाजता येईल! गटारीच्या सकाळी अकरा वाजता एकतीस कोंबड्या कशा नष्ट होतात, हे लालबागचे शेंबडे पोरही सांगेल. पथकाने मोठी पातेली आणली नव्हती एवढेच. मला फार संताप आला, साहेब. गिरणी गेली तेव्हा मी गप्प बसलो. या वेळी बसलो नाही.

७. संपाच्या दिवसांत पोलिसांची गाडी नाक्यावर दिसली की आमच्या चाळीत थाळी वाजायची, आणि पुढाऱ्यांना ज्याच्या त्याच्या खोलीत घेतले जायचे. ती सवय अजून गेलेली नाही. काल आपली गाडी वळली आणि कमलाबाईंनी पहिल्या मजल्यावरून थाळी वाजवली. पाच मिनिटांत एकतीस कोंबड्या एकोणीस खोल्यांत गेल्या. कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या मोरीत, एक तर देव्हाऱ्याखालच्या कपाटात. तीन कोंबड्या शामरावांनी घेतल्या. होय, तक्रारदार शामरावांनीच. पथक त्यांच्या दारात आले तेव्हा त्यांनी रेडिओ मोठा केला आणि खोकल्याची अशी उबळ आणली की सीतारामसाहेबांनी त्यांना पाणी दिले. पथक रिकाम्या हाताने गेले. आपल्या कार्यालयात काल संध्याकाळी बऱ्याच जणांची निराशा झाली असेल, त्याबद्दल खेद वाटतो.

८. परंतु पथक खोल्याखोल्यांत फिरून निघेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेले होते, त्यामुळे विक्री माझीही झाली नाही. आता महिनाभर या भागात कोंबडीला गिऱ्हाईक नाही आणि महिनाभर एकतीस पोटे भरण्याची माझी ऐपत नाही. मालनची शाळा सोडवून गाव गाठावे, असे काल घरात बोलणे झाले. पोरीने दप्तर आवरून ठेवले. ते बघवले नाही मला. म्हणून आज, श्रावणाच्या पहिल्या दिवशी, मी आपला आदेश शिरसावंद्य मानून सर्व पक्षी आपल्या स्वाधीन करीत आहे. चाळीतल्या बारा माणसांनी ते टोपल्यांतून आणले आहेत आणि आपण हे वाचत असताना ते आपल्या आवक-जावक विभागात मोकळे आहेत. नष्ट करायचे असल्यास आजच, सर्वांसमक्ष करावेत. आजच्या दिवशी सुरी हातात घेणारा आपल्या कार्यालयात कुणी असल्यास त्याचे नाव कळवावे. नसल्यास महिनाभर सांभाळावेत, आणि श्रावण संपल्यावर एकतीस मोजून परत द्यावेत, परवान्यासह.

आपल्याच दारात पोचेची वाट पाहत उभा,

(सही)
बुधाजी सखाराम धुरी
लालबाग, मुंबई.
दि. ६ ऑगस्ट १९८६

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) तपासणी अहवालाची नक्कल, पस्तीस मिनिटांच्या शेऱ्यासह.
३) शामराव यांचे तक्रार मागे घेतल्याचे पत्र.
४) कोंबड्या, जिवंत, नग एकतीस.
५) मक्याचा भरडा, एक दिवसाचा.
६) मोसंबी व डाळिंबाच्या सालींची भुकटी : खात्याची मालमत्ता असल्याने व तिच्या वापरास आपली मनाई असल्याने जोडलेली नाही. भुकटी बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी पक्ष्यांना हगवण लागते. कार्यालयातील फायली उंचावर ठेवाव्यात.