मागे दोन पोती

७ डिसेंबर २०२५, रविवार

बर्फ पडला. इथे नव्हे, तिकडे. अनुजाने फोटो पाठवला. तिची ती टिचभर लाल गाडी आणि टपावर वीतभर पांढरं. खाली लिहिलंय, ‘आई, गंमत बघ!’

गंमत कसली डोंबलाची! जर्मनीतलं डोंगरातलं गाव. वृद्धाश्रमात सकाळी सहाची ड्यूटी. त्या वेळेला बस नाही. चौदा किलोमीटर एकटीने जायचं. आणि ही मुलगी इथे कोल्हापुरात असताना महाद्वार रोडला गाडी काढ म्हटलं की पोटात दुखतंय म्हणायची.

लगेच फोन लावला. हे गेल्यापासून एकोणीस वर्षं टायरचं दुकान चालवतेय, मी दुसरं काय विचारणार! हवा किती? नक्षी किती शिल्लक? कडेला बनवल्याच्या तारखेचे शेवटचे चार आकडे कोणते? ‘हिवाळ्याचेच टायर आहेत गं, इथे कायदा आहे.’ कायदा राहू दे, आकडे वाच. वाचले. तीन वर्षांचे. ठीक.

मग सांगितलं — मोकळी गाडी घसरते. मागे डिकीत वाळूची दोन पोती टाक. ‘बरं,’ म्हणाली. वाद घातला नाही. एरवी मीठ जास्त झालं म्हटलं तरी वाद घालते.

१० डिसेंबर

पोती टाकली. पंचवीस-पंचवीस किलोची. फोटो आला. दोरीने नीट बांधलीत. शाबास म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

गाडी घसरली. तिला लागलेलं नाही — हे आधी लिहून ठेवते.

आश्रमाच्या फाटकापासून वर पार्किंगपर्यंत शंभरेक पावलांचा चढ आहे. खाली रस्त्यावर गाडी लावायला बंदी. अर्ध्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली, गाडी मागे घसरत आली आणि कुंपणाला टेकली. मागचा दिवा फुटला. या आठवड्यात चढ न चढण्याची ही तिसरी वेळ. तीनदा उशीर. खिडकीतून सगळ्या म्हाताऱ्या बघतात म्हणे.

‘पोती होती ना?’ ‘होती.’ ‘मग क्लच सोडायला शीक आधी!’

‘बरं,’ म्हणून तिने फोन ठेवला. रडली असती तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर

‘मी परत येतो, आई. मला नाही जमत.’ (जर्मनीत राहूनही ‘येते’ नाही, कोल्हापूरच्या पोरींसारखं ‘येतो’च.) जानेवारीअखेर सहा महिने पुरे होतात, तोवर राहणार. नऊ फेब्रुवारीचं तिकीट काढलंसुद्धा.

कामाचं विचारलं. काम आवडतं म्हणाली. एक आजी हिच्याशिवाय कुणाकडून वेणी घालून घेत नाही. ‘पण तो चढ नको वाटतो. रात्री झोपतानाच सकाळचा चढ दिसतो.’

‘बघ, तुझं तू,’ एवढंच म्हणाले. फोन ठेवला, जिना चढून गेले आणि तिच्या खोलीतली गादी गच्चीवर उन्हात टाकली. काय घाई होती? पावणेदोन महिने आहेत अजून!

१९ डिसेंबर

आक्काताई मंगळवार पेठेतून मुद्दाम आल्या. नणंद माझी, पण आवाज अख्ख्या गल्लीला. ‘बरं झालं बाई! सोन्यासारखी पोरगी, कुणाकुणाची म्हातारी धुवायला कशाला जायाची तिकडं? आता तू गप बस. श्यानपणा शिकवू नगंस तिला.’

मी गप्पच आहे.

मला बरं वाटतंय. लिहायला लाज वाटते, पण वाटतंय.

२१ डिसेंबर, रविवार

आज फार वाईट दिवस. क्रमाने लिहिते.

कसबा बावड्याला एका गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर उसाच्या फडात पंक्चर होऊन बसला होता. यल्लाप्पा मिस्त्रीला घेऊन गेले, माझ्याच छोट्या गाडीतून. डिकीत जॅक, पहारी, ट्यूब, सगळं जड सामान. काम झालं. परत निघालो तर पाटाचं पाणी वाटेवर आलेलं. फडातून रस्त्यावर यायला छोटा चढ, पण नुसता रबरबाट. पुढची चाकं गरगर फिरायला लागली. मी जोरात ॲक्सिलरेटर दाबला. चिखल काचेवर.

यल्लाप्पा उतरला. ‘वैनी, पाय काढा की! मुसळ हाय व्हय त्ये दाबायला?’ डिकी उघडून सामान बाहेर काढायला लागला. मी म्हटलं, अरे, वजन असू दे, पकड मिळते. तो हसला. ‘जीप न्हवं ही. जीपला मागनं जोर. ही पुढनं वडतीया. मागं वझं घातलं की नाक उचलतंय, मग पुढच्या चाकाला पकड कुठनं यायची?’

उसाचं पाचट चाकांखाली पसरलं, गाडी वळवून घेतली आणि उलटी चढवली. मागे मागे, सावकाश, एका दमात. ‘चढाला वजन खालच्या अंगाला येतंय. खाली आपली वडणारी चाकं. झालं की!’

मी बांधावर उभी. चपलेत चिखल.

फिजिक्स घेऊन बीएस्सी, पहिला वर्ग. एकोणीस वर्षं टायर. आणि ‘मागे दोन पोती टाक’ हे वाक्य माझं नव्हतंच. ह्यांचं होतं. पावसाळ्यात जीप काढताना दर वेळी म्हणायचे. जीपसाठी बरोबर होतं. मी ते तसंच उचलून पोरीच्या डिकीत टाकलं! अनुजाची गाडीही पुढूनच ओढते. पन्नास किलो मागे बांधून ती तो चढ रोज चढायला बघते. मी सांगितलं म्हणून.

आणि वर तिलाच क्लच शिकवला.

२२ डिसेंबर

फोन केला नाही.

२५ डिसेंबर

तिचाच फोन. ‘पोती अजून आहेत हं मागे,’ असं आपणहून म्हणाली. मी हवापाण्याचं विचारलं!

दुकानात सगळे टायर मापाप्रमाणे लावले. यल्लाप्पा म्हणाला, ‘वैनी, कालच लावलं की हो तुमी.’

आक्काताईंना सांगून बघितलं. ‘सांगू नगंस. देवानंच घडवून आणलंय म्हन.’ देव काय वाळूची पोती टाकायला येतो?

न सांगितलं तर पोरगी फेब्रुवारीत घरी. पण मग जन्मभर समजणार, मला जमलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

सांगितलं. उभ्यानेच.

‘पोती काढ. गाडी पुढून ओढते, मागे वजन नको. माझी चूक.’

‘आई, तू चूक म्हणालीस?’

‘एकदा ऐकलंस ना? पुढचं लिहून घे.’

पोती फोड, वाळू बादलीत भर. चढाला लागण्याआधी चाकांपुढचा बर्फ फावड्याने ओढून काढ आणि तिथे वाळू टाक. दुसऱ्या गिअरमध्ये उचल, पाय अंड्यावर ठेवल्यासारखा. मध्ये थांबायचं नाही. तरी नाही चढली तर फाटकाशी कुणाला तरी उभं कर, गाडी वळव आणि उलटी चढव.

‘उलटी? सगळ्या हसतील गं!’

‘हसू देत. म्हाताऱ्यांना तेवढीच करमणूक.’

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मग हळूच, ‘आणि तिकीट?’

‘मी गाडीचं बोलतेय,’ म्हटलं.

२ जानेवारी २०२६

चार दिवस तिकडे बर्फच नाही. सकाळी उठून मोबाइलवर आधी तिच्या गावचं हवामान बघते. पडू नये असं वाटतं. पडावा असंही वाटतं. चहा दोनदा उतू गेला.

५ जानेवारी, सोमवार

व्हिडिओ आला. बर्फ पडतोय आणि लाल गाडी उलटी, मागे मागे, त्या चढावर. एका दमात वर. खिडकीत म्हाताऱ्या टाळ्या वाजवतायत, एकीची वेणी घातलेली. यल्लाप्पाने चारदा बघितला.

खाली लिहिलंय, ‘चढली, आई! तिकीट रद्द करतो.’

तिची गादी आजही गच्चीवर टाकली होती. ऊन उतरायच्या आत गुंडाळून कपाटावर टाकली.