बैलमित्र नांगराची ओढ

६ मे, सकाळ
नांगर तयार. फाळ नेहमीच्या दीडपट रुंद आणि जास्त उभा. हिशेब सरळ आहे: एका फेरीत जास्त जमीन उलटते, म्हणजे फेऱ्या कमी, म्हणजे बैलांना आराम. टेंभुर्णीचा वेल्डर फाळ बघून हसला. त्याचं शिक्षण कमी. जुलैत जालन्याच्या कृषी प्रदर्शनात मांडायचा. नाव ठरलं: बैलमित्र.

८ मे
विहिरीजवळच्या ओल्या तुकड्यात टेस्ट. जू आणि नांगराच्या मध्ये कापूस तोलायचा काटा बांधला. ओढ साठ किलो. उत्तम. शेजारचा कडूबा बांधावरून म्हणाला, मच्छिंद्रआबा, लोण्यात तर चमचाबी चालतो, जरा ढेकळात घालून बघा. जळतो.

११ मे
वरच्या पट्टीत सुरुवात. काळी जमीन वाळून दगड झालेली. काटा शंभरावर जाऊन अडकला. त्याच्या पुढे आकडेच नाहीत. म्हणून ओढ शंभर लिहिली. काही वाईट नाही.
बायको जयवंता म्हणाली, हरण्या धापा टाकून राह्यला, जरा वरवर चालवा. वरवर चालवलं तर डिझाइन सिद्ध कसं होणार? हरण्याची आई मेल्यावर त्याला हिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलं. त्यामुळे या विषयात तिचं मत धरता येत नाही.

१३ मे
हरण्या मुद्दाम हळू चालतो. स्पीड वाढवला की माती आपोआप फुटेल, म्हणून दोन्ही बैल पळवले. माती फुटली नाही. काटा तुटला. हलका माल.
उद्यापासून ऊन व्हायच्या आत काम बंद. नक्की.

१४ मे
दुपारपर्यंत चाललं. थोडंच राहिलं होतं.
हरण्याच्या खांद्यावर सूज. जू खराब आहे, नांगराचा संबंध नाही. कडूबा म्हणाला, आबा, एक पाऊस होऊ द्या, न्हाईतर फाळ तरी लहान करा. फाळ लहान केला तर मी वेगळं काय केलं?
जयवंता म्हणाली, उद्या बैल जुंपू देणार न्हाई म्हंजे न्हाई. तिला समजावलं. एकच फेरी, प्रदर्शनासाठी फोटो पाहिजे.

१५ मे, दुपार
हरण्या जुवाखालीच बसला. उठला नाही.
फोटो आला आहे. नांगर नीट दिसत नाही.

१६ मे
डॉक्टर म्हणाले, उन्हाने गेला. उन्हाने. हे लिहून ठेवलेलं बरं. शिवाय खांद्याबद्दलही काहीतरी म्हणाले, ते नीट ऐकू आलं नाही.
जयवंता बोलत नाही.

२० जून
पाऊस झाला. कडूबाकडेही एकच बैल. त्याला म्हणालो, तुझा एक, माझा पिवळ्या, सावड करू. तो म्हणाला, बैल देतो आबा, पर नांगर माझा. उरलेली पट्टी त्याच्या लहान फाळाने झाली. बैल रवंथ करत परत आले. ओढ मोजायची राहून गेली.

१२ जुलै
प्रदर्शनाला गेलो नाही. गर्दी फार असते.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ
उद्या पोळा. आज खांदमळणी. जयवंताने दरवर्षीसारखं दोन बैलांच्या मापाने तूप आणि हळद कालवली. पिवळ्याचा खांदा मळून झाला. वाटीत अर्धं उरलं. मी म्हणालो, फाळाचा अँगल थोडा बदलतो आहे. ती मेपासून पहिल्यांदा बोलली. म्हणाली, उरलेलं तुमच्या बैलमित्राला लावा.
लावलं. तुपाने गंज धरत नाही.