कळ वर की खाली

९ ऑक्टोबर १९३३, सोमवार

पिस्तूल मिळालं. तळहाताएवढं आहे, पण खिशात घातलं की कोट एका अंगाला ओढला जातो. लोकल बोर्डाचा जनावरांचा डॉक्टर मी. लस टोचायच्या सुया हाताळणारा माणूस — आणि आता हे!

फौजदारांनी सगळं समजावलं. डाव्या अंगाला नखाएवढी कळ. वर केली की पिस्तूल बंद. चाप कितीही दाबा, गोळी सुटत नाही. खाली केली की मोकळं. मी विचारलं, खिशात ठेवताना कळ वर ठेवायची की खाली? हसले. "खालीच. ऐन वेळी कळ शोधत बसलात तर शोधतच राहाल, सिद्धनाथराव."

हे सगळं येडूमुळे. त्याच्या थोरल्या भावाला, बिरप्पाला, ऑगस्टात जन्मठेप झाली. केमजवळच्या कोंडवाड्याचा राखणदार गुंडा — त्याला कुऱ्हाडीनं मारलं म्हणून. साक्ष माझी. गेल्या डिसेंबरात लसी टोचून सायकलवरून परत येत होतो. दिवेलागणीची वेळ. माणूस कोंडवाड्यातून निघून ज्वारीत पळाला. मी चेहरा पाहिला. शपथेवर सांगितलं. पाहिला म्हणजे पाहिला!

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या फाटकात येडू आडवा आला, खांद्यावर मेंढपाळाची घोंगडी. "डाक्टर, तुमास्नी एकदा भेटायचं हाय. एकट्याला." एवढंच बोलला. फौजदारांनी धमकी म्हणून लिहून घेतलं. मलाही तसंच वाटलं.

११ ऑक्टोबर

कळ खाली ठेवून ऑफिसात गेलो. खुर्चीवर बसलं की नळी माझ्याच मांडीकडे! दिवसभर तिरका बसलो. शिपाई म्हणाला, "साहेब, पोटात दुखतंय का?"

१४ ऑक्टोबर

बाळीवेशीजवळ ईश्वरप्पा बंदुका दुरुस्त करतात. म्हातारे आहेत, पूर्वी पलटणीत होते. कळ खाली पाहिली आणि पिस्तूल हातातून हिसकावलंच. "बेड री, बेड! नको! असं न्हाय ठेवायचं!" आधी गोळ्या काढल्या, मग बोलले. "वैरी वरसात एकदा येतोय, न्हायतर येतच न्हाय. कोट तुमी दिवसातनं चार वेळा काढता की!"

"पण ऐन वेळी?"

"अंगठ्याला शिकवा. डोक्याला इचारू नका."

दोघंही जाणते. दोघांचंही पटतं. मी कुणाचं ऐकू?

१६ ऑक्टोबर

गोळ्या काढून सराव. खिशातून काढायचं, अंगठ्यानं कळ खाली, चाप. दहा वेळा केलं. सात वेळा जमलं, तीन वेळा अंगठा घसरला. म्हणजे तीन वेळा मेलो.

कळ पुन्हा खाली.

१८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

शेजारी विणकरांच्या दारात फटाका वाजला — आणि माझा हात खिशात! बोट थेट चापावर. शेजारीण ईरम्मा बघत होती. "एमैंदी, डाक्टर? काय झालं?" काही नाही म्हणालो. बोट हळूच बाहेर काढलं. जरासा आणखी दाब पडला असता तर?



२१ ऑक्टोबर

अंघोळ करून बाहेर आलो. अंगणात म्हाळसा माझा कोट दोरीवर टाकून काठीनं धूळ झाडत होती. दणादण. पिस्तूल आत. गोळ्या भरलेल्या. कळ खाली!

धावत जाऊन बायकोचा हात धरला.

"अवं, काय झालं? धूळ लई हुती की!"

खिशातून काढून दाखवलं. काठी टाकून ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "त्या येडूनं काय केलंय वो तुमचं? नुसतं भेटायचं हाय म्हणला न्हवं?"



कळ वर. आता कायमची वर.

२७ ऑक्टोबर

कायमची म्हणणं सोपं. रस्त्यानं चालताना घोंगडीवाला कुणी दिसला की अंगठा आपोआप कळीवर जातो. दिसेल त्या माणसाची उंची मोजतो. मंगळवार पेठेत एक मेंढपाळ लोकर विकत बसला होता, तो उठला म्हणून मी रस्ता बदलला.

काल जेऊरला मेंढ्या टोचताना एडक्यानं धडक दिली. अंगठा टम्म सुजलाय. उजवाच. कळ हलता हलत नाही. आणि दोन तारखेला केमचा दौरा! रजा मागितली. नामंजूर.

१ नोव्हेंबर

अंगठ्याची सूज उतरली. कळीचं सकाळी ठरवू.

२ नोव्हेंबर, केम

घरून निघताना कळ खाली केली. स्टेशनात वर. गाडी सुटल्यावर पुन्हा खाली. मग शेजारी एक बाई येऊन बसली, मांडीवर तान्हं पोर. गुपचूप वर केली. तिथून वरच राहिली.

दुपारी केमहून सायकलवर निघालो. वस्तीच्या अलीकडे बाभळीखालून येडू उठला. खांद्यावर घोंगडी. उजवा हात घोंगडीच्या आत.

"डाक्टर, थांबा."

सायकल टाकून दिली. पिस्तूल काढलं, त्याच्या छातीवर धरलं आणि चाप दाबला.

काही झालं नाही.

पुन्हा दाबला.

दोन्ही वेळा त्यानं माझं बोट पाहिलं. सराव, अंगठा, फौजदार, ईश्वरप्पा — काही म्हणजे काही आठवलं नाही. कळ आहे हेच विसरलो होतो.

त्यानं घोंगडीतून हात बाहेर काढला. फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"दाबलंत व्हय?" इतकंच म्हणाला आणि रस्त्यातच बसला. मीही बसलो. आमच्या दोघांच्या मधे सायकल पडलेली. चाक फिरत होतं.

मग तोच बोलला. "आयनं धाडलंय मला. तिचं नाव केराबाई. रोज बिरप्पाच्या वाटणीच्या भाकरी थापती. म्हणती, यील. तिनं इचारलंय — डाक्टरनं त्येचं त्वांड सोताच्या डोळ्यानं बघितलं का? बघितलं म्हणले तर थापायचं सोडीन म्हणती. मोकळ्या हातानं कसं इचारायचं, म्हणून ह्या दिल्या."

"फाटकात मला हेच विचारायचं होतं?"

"दुसरं काय असणार?"

मी म्हणालो, "बघितलं."

"बरं."

उठला. माझी सायकल उभी केली, फडकं हँडलला अडकवलं आणि गेला. मागे वळून पाहिलं नाही.

४ नोव्हेंबर

फौजदारांना सांगितलं. टेबलावर हात आपटला. "कळ वर! त्याच्याजवळ कुऱ्हाड असती तर?" ईश्वरप्पांना सांगितलं. त्यांनी हात जोडले. "कळ हुती म्हणून तुमच्या हातनं खून झाला न्हाय."

झाला नाही कसा? मी तर दोनदा केला. लोखंडानं ऐकलं नाही, इतकंच.

६ नोव्हेंबर

भाकरी फडताळात आहेत. वाळून कडक झाल्या. म्हाळसानं विचारलं, टाकू का? नको म्हणालो. खाववतही नाहीत. आज सकाळी केराबाई चुलीपुढे बसली असेल. किती भाकरींचं पीठ घेतलं असेल?

७ नोव्हेंबर

ताप. कामावर गेलो नाही. म्हाळसा उशाशी बसून होती. तिला सगळं सांगितलं. या वहीत जे नाही तेही. तिनं ऐकून घेतलं. "मग जावा की," म्हणाली.

९ नोव्हेंबर

चेहरा पाहिला नव्हता. पाठ पाहिली. पाठीवर घोंगडी. मेंढरं कोंडली म्हणून बिरप्पाचं सकाळीच गुंडाशी भांडण झालेलं. गावानं त्याचं नाव घेतलं आणि मी त्या पाठीला त्याचा चेहरा लावला. मग तो इतक्यांदा सांगितला, की वहीतही तोच लिहिला.

आज मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्रावर सही केली. बिरप्पाचं अपील मुंबईला आहे, त्याला जोडणार. त्याचे वकील माझ्याकडे बघतच राहिले. "खोट्या साक्षीबद्दल आता तुम्हीच आत जाल. कळतंय ना?"

कळतंय. पिस्तूल जमा केलं. उद्या सकाळच्या गाडीनं केमला जातो. केराबाईला हे माझ्या तोंडून ऐकू दे.